ऑटोमॅटिक घेण्याआधी विचारा: आत घसरतं काय?

नवी गाडी घ्यायची ठरली की रंगावर, सनरूफवर, डिकीत किती बॅगा बसतील यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. गिअरबॉक्सचा निर्णय मात्र शोरूममधला चहा संपेपर्यंत होऊन जातो. सेल्समन म्हणतो, 'थोडे जास्त पडतील, पण ऑटोमॅटिक येईल.' सोबत आलेले काका म्हणतात, 'ऑटोमॅटिक ॲव्हरेज देत नाही.' या दोन वाक्यांवर पुढच्या दहा वर्षांची गाडी ठरते. दोन्ही वाक्यं अपुरी आहेत, कारण 'ऑटोमॅटिक' या एका पाटीखाली आपल्याकडे आतून पूर्ण वेगळी असलेली चार यंत्रं विकली जातात. एकात तर मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, फक्त तो हलवणारा हात बदललेला असतो. दुसऱ्यात पहिला, दुसरा, तिसरा असे गिअरच नसतात. या चौघांचा स्वभाव वेगळा, खर्च वेगळा आणि बिघडण्याची तऱ्हाही वेगळी.

हा फरक कळायला आधी गाडीला क्लच लागतोच कशाला, ते पाहू.

पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाला शून्यापासून ओढता येत नाही. मिनिटाला साधारण ८०० फेरे हा त्याचा कमीत कमी वेग. त्याच्या फार खाली गेलं की ते बंद पडतं. चाक मात्र सिग्नलला थांबलेलं असतं. फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक एकमेकांना जोडायचं कसं, हा मूळ प्रश्न आहे आणि गिअरबॉक्सचे सगळे प्रकार ही त्याची वेगवेगळी उत्तरं आहेत. (इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते. म्हणून नेक्सॉन ईव्ही किंवा टियागो ईव्हीमध्ये क्लचही नाही आणि गिअर बदलणंही नाही.)

आता थोडं गणित. छोट्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण १४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे इंजिन ८०० वर असताना चाक मिनिटाला ५७ वेळा फिरतं. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर गाडी मिनिटाला शंभरेक मीटर, म्हणजे ताशी सहा किलोमीटर जाते. भरभर चालणाऱ्या माणसाचा हा वेग. त्याहून हळू जायचं असेल तर पहिल्या गिअरमध्येसुद्धा इंजिनाचं आणि चाकाचं जमत नाही. मध्ये कुठेतरी काहीतरी घसरत राहावंच लागतं. संध्याकाळी हिंजवडीहून निघालेली किंवा घोडबंदर रोडला अडकलेली गाडी ताशी दोन-तीन किलोमीटरने रांगत असते तेव्हा तिच्या आत घसरणं अखंड चालू असतं, मग ती कितीही महागाची असो. म्हणून 'मॅन्युअल की ऑटोमॅटिक' याच्याआधी 'घसरतं काय' हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

मॅन्युअलमध्ये घसरते ती क्लच प्लेट. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं, त्याला लागून ही प्लेट, आणि मागून प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. पेडल दाबलं की दाब सुटतो, पेडल सोडलं की प्लेट पकड घेते. यांच्यामधली अवस्था म्हणजे आपला हाफ क्लच. त्या वेळी प्लेट फ्लायव्हीलवर घासत घासत वेग पकडत असते. गॅरेजमध्ये क्लचचं काम चालू असेल तर काढलेली जुनी प्लेट जरूर हातात घेऊन पाहा. दोन्ही बाजूंना खरखरीत लायनिंग, रिव्हेट मारून बसवलेलं, आणि मध्यभागी गोलात बसवलेल्या जाड स्प्रिंगा. नव्या प्लेटमध्ये रिव्हेटची डोकी लायनिंगच्या आत खोल असतात. झिजलेल्या प्लेटवर बोट फिरवलं की ती बोटाला लागतात, आणि जोडीच्या प्रेशर प्लेटवर तापून उमटलेले निळसर डाग दिसतात. कसारा घाटात चढावर रांग खोळंबली की जो जळका वास नाकात जातो, तो बहुतेक वेळा याच लायनिंगचा असतो.

जपून वापरली तर ही प्लेट लाखभर किलोमीटरही जाते. चढावरच्या सिग्नलला हॅंडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर निम्म्यातच जाते. पण गेली तरी काम कुठेही होतं, कोणत्याही तालुक्याच्या गावात क्लच बसवणारा मेकॅनिक सापडतो. बॅटरी उतरली तर दोघांनी धक्का मारला की मॅन्युअल गाडी सुरू होते. चढावर कोणता गिअर हवा ते चालवणाराच ठरवतो आणि वळण दिसताच आधीच दुसरा टाकून मोकळा होतो. मॅन्युअलचं हे सगळं बळ खरं आहे. कमतरता एकच, पण मोठी: घसरण्याचं सगळं काम चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला सांभाळावं लागतं.

आपल्याकडच्या साध्या माणसाच्या गाडीत ऑटोमॅटिक खऱ्या अर्थाने आलं ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये मारुतीने सेलेरिओ आणली, त्यात एएमटी होतं. त्याआधी ऑटोमॅटिक गाड्या होत्या, पण त्या महाग, आणि पेट्रोल पिणाऱ्या म्हणून बदनाम. एएमटीमागची कल्पना मला आजही फार हुशारीची वाटते. गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर हलवायला एक यांत्रिक हात बसवला आणि त्याला हुकूम द्यायला एक छोटा संगणक दिला. त्यामुळे किंमत मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारांनीच वाढते. मारुतीत याला एजीएस म्हणतात. आज पहिली गाडी घेणारं कुटुंब 'ऑटोमॅटिक' म्हणून जे घेतं, ते बहुतेकदा हेच असतं.

म्हणजे एएमटीमध्येही घसरते ती क्लच प्लेटच. इथे अनेकांची गफलत होते. क्लचचं पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असं समजून लोक उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवतात. आत तेव्हा तोच हाफ क्लच चालू असतो, फक्त पायाला तो जाणवत नाही. काही गाड्या अशा वेळी आवाज करून किंवा दिवा लावून इशारा देतात, तो इशारा हसण्यावारी नेऊ नका. एएमटीची गाडी चढावर थांबली की ब्रेक, आणि जास्त वेळ थांबणार असाल तर हॅंडब्रेक. निघताना हॅंडब्रेकवरच ॲक्सिलरेटर हळू द्यायचा, गाडी पुढे ओढू लागली की हॅंडब्रेक सोडायचा. मॅन्युअल शिकताना ड्रायव्हिंग स्कूलचे सर जे शिकवतात तेच इथेही लागू आहे.

एएमटीची दुसरी खोड म्हणजे गिअर बदलताना बसणारा हिसका. संगणक आधी इंजिनाचा जोर काढतो, मग क्लच दाबतो, गिअर बदलतो, क्लच सोडतो. तेवढा वेळ गाडीला ओढ नसते, म्हणून माना पुढे जातात. गिअर पडायची वेळ आली असं वाटलं की पाय किंचित उचलावा, हिसका निम्म्याने कमी होतो. पण दोनपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ही खोड जपून हाताळावी लागते. समोर मोकळं दिसलं, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, आणि गाडीने आधी दम खाऊन गिअर उतरवला, मग ओढायला लागली. समोरून एसटी येत असेल तर हा दम महागात पडतो. उपाय सोपा आहे. ओव्हरटेकला बाहेर येण्याआधीच लिव्हर एम वर, म्हणजे गिअर आपण निवडायच्या मॅन्युअल जागी घेऊन तिसरा पाडून ठेवायचा. इतकं शिकून घेतलं तर एएमटी ही कमी बजेटमधली उत्तम सोय आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

आता टॉर्क कन्व्हर्टर. हे सगळ्यांत जुनं आणि माझ्या मते कुटुंबाच्या गाडीला सगळ्यांत सोसणारं ऑटोमॅटिक. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी प्लेट नसते, तेल असतं. भांड्यात रवी घुमवून ताक करताना भांडं पायांनी घट्ट धरलं नाही तर तेही रवीबरोबर फिरू पाहतं. रवी भांड्याला टेकलेली नसते, जोर ताकातूनच पोहोचलेला असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अशीच दोन पात्यांची चाकं तेलात समोरासमोर बसवलेली असतात. इंजिनाचं चाक तेल भिरकावतं, ते तेल दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवतं. गाडी थांबली की दुसरं चाक थांबतं, पहिलं फिरत राहतं, मध्ये नुसतं तेल घुसळलं जातं. शिवाय दोघांच्या मधोमध तिसरं एक चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे सुटताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. मग ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप, न झिजता, न हिसकता रांगू लागते.

घसरतं ते तेल. ते तापतं, पण ते थंड करायची सोय असते, आणि तेल बदलताही येतं. रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्याला हा फरक पैशांत आणि गुडघ्यात दोन्हीकडे कळतो. ब्रेझा, अर्टिगा, डिझेल क्रेटा, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ एन या गाड्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. किंमत मात्र मॅन्युअलपेक्षा साधारण लाख ते दीड लाखाने चढते.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुली, प्रत्येक पुली समोरासमोर ठेवलेल्या दोन तिरक्या चकत्यांची, आणि दोन्हींवरून जाणारा पोलादी पट्टा. चकत्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, दूर गेल्या की खाली उतरतो, आणि प्रमाण सलग बदलत जातं. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यावर चालणारी अशी गाडी लोकांसमोर आणली होती. आपल्याकडे होंडाच्या सिटी आणि अमेझमध्ये सीव्हीटी मिळतो, ह्युंदाई आपल्या प्रकाराला आयव्हीटी म्हणते. आपल्याकडच्या बहुतेक सीव्हीटींमध्ये सुटताना घसरण्यासाठी टॉर्क कन्व्हर्टरच दिलेला असतो, त्यामुळे शहरात ती अतिशय मऊ चालते. मागे बसलेल्या आजीला गाडी कधी वेग घेते ते कळतही नाही. जोरात दाबलं तर मात्र इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, काहींना ते अजिबात आवडत नाही. सीव्हीटीचं एकच पथ्य कडक आहे: तिचं तेल वेगळं असतं, ते सांगितलेल्या किलोमीटरला आणि नेमकं सांगितलेलंच घालायचं. पट्ट्याची पकड त्याच तेलावर टिकते.

चौथा प्रकार डीसीटी, फोक्सवॅगनमध्ये डीएसजी, टाटांमध्ये डीसीए. यात दोन क्लच असतात, एक सम गिअरांचा, एक विषम गिअरांचा, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि बदल पापणी लवायच्या आत होतो. हायवेवर चालवायला फार मजेची चीज. पण इथेही घसरतात क्लच प्लेटाच, आणि त्या कोरड्या असतील तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात. तेलात बुडालेल्या असतील तर बऱ्याच निभावून नेतात. म्हणून डीसीटी घेताना 'क्लच कोरडा की ओला' हे विचारल्याशिवाय चेकवर सही करू नका. आयएमटी नावाचाही एक प्रकार २०२० पासून मिळतो, त्यात गिअर हातानेच टाकायचा, फक्त क्लचचं पेडल नसतं. म्हणजे ते ऑटोमॅटिक नव्हेच.

काकांच्या ॲव्हरेजकडे वळू. ते म्हणतात ते एके काळी खरं होतं. जुन्या चार गिअरांच्या ऑटोमॅटिकमध्ये तेल जास्त घसरायचं, त्यात पेट्रोल वाया जायचं. आता वेग स्थिर झाला की टॉर्क कन्व्हर्टर आतून लॉक होतो आणि गिअरही सहा किंवा जास्त असतात. अर्टिगाला २०२२ मध्ये सहा गिअरांचं ऑटोमॅटिक मिळालं तेव्हा कंपनीने जाहीर केलेले आकडे होते मॅन्युअलला लिटरमागे २०.५१ किलोमीटर आणि ऑटोमॅटिकला २०.३०. एएमटीत तर चित्र उलटंही दिसतं. २०२१ च्या सेलेरिओत मॅन्युअलचा आकडा २५.२४ आणि एएमटीचा २६.६८ पर्यंत होता, कारण संगणक आळस न करता वेळेवर वरचा गिअर टाकतो. हे आकडे ठरवून दिलेल्या चाचणीतले असतात, रस्त्यावर दोन्ही कमीच मिळतात. पण 'ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोलचा खड्डा' हे वाक्य आता निवृत्त करायला हरकत नाही.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट याच्या पुढची आहे. कित्येक घरांत गाडी एक असते, लायसन्स दोघा-तिघांकडे असतं आणि चालवणारा एकच असतो. आईने किंवा मावशीने हौसेने लायसन्स काढलेलं असतं, मग एकदा चढावर गाडी मागे सरकते, मागचे हॉर्न वाजवतात, शेजारी बसलेला ओरडतो, आणि ते लायसन्स कपाटात जातं. चालवायची भीती म्हणून जी सांगितली जाते, ती बऱ्याचदा फक्त क्लचची भीती असते. ऑटोमॅटिक आल्यावर अशा बायका भाजीला, दवाखान्याला, मुलांना क्लासला सोडायला बिनधास्त गाडी काढताना मी पाहिल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडिलांचंही तेच. घरात आणखी एक माणूस गाडी चालवू लागणं हा फायदा कोणत्याही ब्रोशरच्या तक्त्यात लिहिलेला नसतो, पण जास्तीच्या लाखाचा हिशेब करताना तो धरायलाच हवा. आपल्याकडे कारच्या लायसन्सला मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नाही, त्यामुळे तीही अडचण नाही. ब्रिटनला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलांनी मात्र मॅन्युअल पक्की शिकून जावं. तिथे ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो.

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर येताना पहिल्या दिवसांत एक धोका असतो, तो नीट समजून घ्या. डाव्या पायाला क्लच शोधायची सवय असते, आणि तो ब्रेकवर पडला की गाडी जागच्या जागी थांबते, मागचा येऊन आदळतो. दुसरं म्हणजे पार्किंगमध्ये ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला तर मॅन्युअलमध्ये क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन नुसतं ओरडतं, ऑटोमॅटिक थेट भिंतीवर जाते. डावा पाय कोपऱ्यात टेकवून ठेवायचा आणि दोन्ही पेडलं उजव्याच पायाने वापरायची. रिकाम्या मैदानात हा सराव झाल्याशिवाय गर्दीत जाऊ नये.

घाट उतरताना लोक सगळ्याच गाड्यांमध्ये चुकतात. पसरणीचा घाट असो की आंबोलीचा, ऑटोमॅटिक डी वर (पुढे चालवायच्या नेहमीच्या जागी) सोडून दिली तर ती वरचा गिअर धरते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की लागेनासे होतात. एम, एस, एल किंवा २, जे काही आपल्या लिव्हरवर असेल ते वापरून गाडी खालच्या गिअरमध्ये अडकवून उतरवायची. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. आजच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की संगणक इंधन बंदच करतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना माहीत आहे. तिथल्या अपघातांमागे न्यूट्रलमध्ये सोडलेली जड वाहनं हे कारण पुन्हापुन्हा पुढे आलेलं आहे.

गाडी लावतानाचंही पाहून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटी यांच्या लिव्हरवर साधारणपणे पी, म्हणजे पार्किंगची जागा असते. पण चढावर आधी हॅंडब्रेक ओढा आणि मग पी टाका, नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर तोलून राहतं. बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतोच. तिथे हॅंडब्रेक ओढून, लिव्हर डी किंवा आर (रिव्हर्स) वर ठेवूनच इंजिन बंद करायचं, म्हणजे गाडी गिअरमध्ये राहते. न्यूट्रलमध्ये सोडून उतरलात तर ती फक्त हॅंडब्रेकच्या भरवशावर उभी असते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची गाडी बंद पडली तर तिला धक्का मारून सुरू करता येत नाही, आणि ओढून न्यायची तर इंजिनाची ताकद ज्यांना जाते ती चाकं उचलून न्यावी लागते. ती जमिनीवर फिरत राहिली तर तेलाचा पंप बंद असताना गिअरबॉक्स कोरडा फिरतो.

मला कोणी विचारलं तर मी असं सांगतो. रोजची शहरातली रांगती गर्दी, घरात चालवणारे दोघं-तिघं आणि बजेटमध्ये जागा असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी. बजेट आवळलेलं असेल तर एएमटी, तिच्या सवयी शिकून घेऊन. गाडी बहुतेक गावाकडे फिरणार, महिन्यातून एखादा मोठा प्रवास, चालवणारा एकच आणि त्याला गिअरची सवय, तर मॅन्युअल बिनधास्त घ्या, वाचलेल्या लाखात चांगले टायर आणि जास्त एअरबॅगांचं मॉडेल येईल.

टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर उरकू नका. घरातली जी व्यक्ती सगळ्यांत कमी चालवते तिला स्टिअरिंगवर बसवा, चौघं गाडीत बसा, एसी पूर्ण लावा. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर मध्येच थांबायला सांगा आणि ब्रेक सोडून पुन्हा निघताना गाडी किती मागे येते ते बघा. मग तोच रॅम्प रिव्हर्समध्ये, अगदी हळू चढवा. एएमटी आणि डीसीटी गाडीचा खरा स्वभाव इथे कळतो. आणि गाडी एएमटी किंवा डीसीटी असेल तर वॉरंटीत क्लच धरला आहे का, हे लेखी विचारून घ्या. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू म्हणून बहुधा वॉरंटीबाहेर असते.